डेटा-अभिगम पद्धती : बहुस्तरीय वेबप्रणालीतील निवड

ज्या वेबप्रणालीत वापरकर्त्यापुढील पडदा, कामकाजाचे नियम सांभाळणारा मधला स्तर आणि डेटाबेस ही तिन्ही अंगे पृथक् असतात, तिच्या मधल्या स्तराने नोंदी वाचण्याचे वा बदलण्याचे मार्ग म्हणजे डेटा-अभिगम पद्धती. थेट एसक्यूएल क्वेरी, डेटाबेसातच साठविलेल्या स्टोअर्ड प्रोसिजर, कोष्टकांतील ओळींना प्रोग्रॅममधील ऑब्जेक्टचे रूप देणारी हायबरनेटसारखी ओआरएम साधने आणि एपीआय हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. कामाचे स्वरूप पाहून निर्णय करावा लागतो, आणि महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

अक्कलकोट (जि. सोलापूर) तालुक्यातील खातेदार महाभूलेख संकेतस्थळावर तालुका, गाव व गट क्रमांक निवडून सातबारा पाहतो, ते निव्वळ वाचन होय. अशा कामी नेमके स्तंभ मागणारी पॅरामीटरयुक्त क्वेरी पुरते. उतारा हाती येताच डेटाबेसाशी जोडणारे कनेक्शन सामायिक पूलमध्ये परत गेले पाहिजे, कारण पीककर्जाच्या हंगामात मागणी वाढली म्हणजे कनेक्शन अडवून ठेवणारी प्रणाली प्रथम खोळंबते.

फेरफाराचे तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये नोंद धरल्यावर हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. इतका काळ डेटाबेसातील ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून ओळी कुलूपबंद करणे सर्वथा अव्यवहार्य. म्हणून प्रलंबित फेरफार ही स्वतंत्र नोंद मानून मुदतीचे व हरकतींचे नियम मधल्या स्तराकडे सोपवावेत, आणि प्रमाणित होण्याच्या क्षणी जुन्या धारकाच्या नावास कंस, नव्याचे नाव, फेरफार क्रमांक व आठ-अ वरील बदल एकाच अल्पकालीन ट्रान्झॅक्शनमध्ये, एक तर सर्व नाही तर एकही नाही, या कसोशीने व्हावेत. या टप्प्यास स्टोअर्ड प्रोसिजर अधिक उचित ठरते. ओआरएमने ओळ न् ओळ स्वतंत्रपणे लिहिण्यात सर्व्हरकडे हेलपाटे वाढतात आणि कुलपे लांबतात. दरम्यान त्याच गटावर दुसरा फेरफार मंजूर झाला असल्यास तो ओळीच्या आवृत्तीक्रमांकावरून ओळखून काम थांबवावे, कारण चुकीच्या नावाचा सातबारा दुरुस्त करून घेताना शेतकऱ्याचे हंगामच्या हंगाम जातात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिके नोंदवितो. शिवारात रेंज नसते तेथे, जोडणी तुटलेली गृहीत धरणारी पद्धती घ्यावी लागते : नोंद यंत्रातच साठते, पुढे एपीआयद्वारा पाठविली जाते, आणि तीच पुन्हा आली तरी दुबार लागू नये म्हणून प्रत्येक नोंदीस मोबाइलवरच अनन्य क्रमांक दिला जातो.