गाण्याची मिळकत आणि करवसुली

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये प्राप्तिकर दोन थरांत आकारला जात असे. पहिला थर प्रमाणित दराचा होता आणि तो बहुतेक सर्व करदात्यांना लागू होई. दुसरा थर ‘सरटॅक्स’ म्हणजे अधिकराचा, जो केवळ मोठ्या उत्पन्नावर चढत्या श्रेणीने बसत असे आणि ज्याचे मूळ लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या अंदाजपत्रकातील सुपरटॅक्समध्ये होते. पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स या जुन्या हिशेबाप्रमाणे एप्रिल १९६५ पासून प्रमाणित दर पौंडामागे ८ शिलिंग ३ पेन्स झाला, तर १५,००० पौंडांपुढील उत्पन्नावरचा अधिकर १० शिलिंग होता. या पायरीवर पोचलेल्या माणसाने कमावलेल्या प्रत्येक पुढच्या पौंडातून १८ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे ९१.२५ टक्के, सरकारजमा होत. हा दर सगळ्या उत्पन्नावर नव्हे तर वरच्या तुकड्यापुरताच असे, ही गोष्ट पुढच्या साऱ्या वादात सोयीस्करपणे विसरली गेली.

ही यंत्रणा उभारणाऱ्यांच्या नजरेसमोर जमीनदार, भागधारक आणि कारखानदार होते, म्हणजे ज्यांची मिळकत वर्षानुवर्षे कमीअधिक त्याच पातळीवर येत राहते असे लोक. लोकप्रिय संगीताच्या धंद्यात मात्र मिळकतीचा ओघ निराळा असतो. दहा वर्षे फाके मारल्यावर दोन-तीन वर्षे पैशांचा पूर येतो आणि नंतर तो ओसरतो, त्यामुळे चढत्या दराचा सगळा भार त्या पुराच्या वर्षांवर पडतो. ग्रंथकारांना दीर्घ श्रमांनंतर मिळालेली एकरकमी रक्कम मागील काही वर्षांवर विभागून दाखवण्याची सवलत ब्रिटिश कायद्यात होती, पण मैफिलीच्या बिदागीला ती लागू नव्हती. संगीतकारांच्या तक्रारीतला न्याय्य भाग कोणता, असे विचारले तर तो एवढाच म्हणावा लागेल, आणि गंमत अशी की तक्रार करणाऱ्यांनी हा मुद्दा फारसा मांडलाच नाही.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न गाण्याची मिळकत नेमकी कोणत्या खात्यात धरायची हा होता. एकाच गाण्यापासून तीन प्रकारचे पैसे येतात: प्रत्यक्ष कार्यक्रमाची बिदागी, ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीतून गायक-वादकांना मिळणारी रॉयल्टी, आणि रचनेच्या स्वामित्वहक्कातून गीतकार व संगीतकाराला मिळणारी रॉयल्टी. पहिली उघडच मजुरी आहे, तिसरी मालमत्तेच्या भाड्यासारखी आहे, आणि दुसरी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. मात्र स्वामित्वहक्क धारण करणाऱ्या कंपनीचे भाग विकले, तर त्याच गाण्याचे भांडवल बनते. आणि १९६५ पूर्वीच्या ब्रिटनमध्ये दीर्घकाळ बाळगलेल्या मालमत्तेच्या भांडवली नफ्यावर करच नव्हता.

बीटल्स या चौघांच्या वाद्यवृंदाच्या सल्लागारांनी नेमकी हीच फट हेरली. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या रचनांसाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही कंपनी फेब्रुवारी १९६५ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि साडेबारा लाख भाग प्रत्येकी ७ शिलिंग ९ पेन्सांना विकले गेले. त्या घडीला प्राप्तिकराचा प्रमाणित दरही योगायोगाने पौंडामागे ७ शिलिंग ९ पेन्सच होता. पुढे दोनच महिन्यांत अर्थमंत्री जेम्स कॅलहॅन यांनी भांडवली नफ्यावर ३० टक्के कर लावला. त्या विक्रीनंतर लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के भाग उरले, तर जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्या वाट्याला प्रत्येकी एक टक्काही आला नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हॉल्वर’ या ध्वनिमुद्रिकेचा प्रारंभ करणारे ‘टॅक्समन’ हे गाणे हॅरिसनने लिहिले, हे या पार्श्वभूमीवर लक्षात घेण्याजोगे आहे. गाणी भांडवलात रूपांतरित करण्याची वाट ज्याला जवळजवळ बंद होती, त्याच्याच लेखणीतून कराविरुद्धची फिर्याद उतरली.

त्या गाण्यात सरकारचा वाटा वीसपैकी एकोणीस असा सांगितला आहे. एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रण झाले तेव्हा ती किंचित अतिशयोक्ती होती. पण जुलै १९६६ मधील आर्थिक संकटात कॅलहॅन यांनी अधिकरावर दहा टक्के अधिभार चढवला, त्यामुळे कमाल दर ९६.२५ टक्क्यांवर गेला आणि गाणे बाजारात येईपर्यंत अतिशयोक्ती वास्तवाच्या मागे पडली. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड हीथ या दोघांनाही त्यात नावानिशी चिमटे काढलेले असल्यामुळे ते मजूर पक्षाविरुद्धचे गाणे ठरत नाही. बहुसंख्य श्रोत्यांनी ते हसत ऐकले, कारण हे चौघे त्या काळी देशाला परकीय चलन मिळवून देणारे निर्यातदार मानले जात. लिव्हरपूलजवळच्या मतदारसंघातून निवडून येणाऱ्या विल्सन यांच्याच कारकिर्दीत १९६५ मध्ये या चौघांना एमबीई हा राजसन्मान मिळाला होता, आणि त्यावर रागावून काही जुन्या मानकऱ्यांनी आपली पदके परत पाठवली तेव्हा डॉलरच्या कमाईचाच युक्तिवाद समर्थनासाठी पुढे करण्यात आला.

कर भरण्यापेक्षा पैसा धंद्यात घालावा, या सल्ल्यातून पुढे ‘ॲपल’ कंपनी जन्माला आली. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर डिसेंबर १९६७ मध्ये उघडलेले तिचे कपड्यांचे दुकान आठ महिन्यांतच गुंडाळावे लागले आणि उरलेला माल येईल त्याला फुकट वाटला गेला. करबचतीसाठी केलेला खर्च हाही अखेर खर्चच असतो, हे सांगणाऱ्या हिशेबनीसाचे त्या काळी बहुधा कोणी ऐकत नव्हते.

सरकारही गप्प बसले नव्हते. भावी कमाई आगाऊ विकून तिला भांडवलाचे रूप देण्याच्या कलावंतांच्या योजना रोखण्यासाठी १९६९ च्या वित्त कायद्यात खास कलम घालण्यात आले. व्यक्तीच्या स्वतःच्या कामातून निर्माण होणारे उत्पन्न अशा रीतीने विकले तर मिळालेली रक्कम उत्पन्नच समजावी, असे त्याचे सार होते. देशात राहून कर कमी करण्याची मुख्य वाट अशी बुजल्यावर देश सोडण्याची वाट रुंद झाली. ब्रिटिश करकायद्यात नागरिकत्वाला महत्त्व नव्हते, निवासाला होते: ६ एप्रिलपासून ५ एप्रिलपर्यंतच्या करवर्षात जो तेथे राहिला नाही, त्याच्या परदेशी कमाईवर तेथला कर बसत नसे. ‘टॅक्स एक्झाइल’ म्हणजे करापायी पत्करलेला देशत्याग, हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांत रुळला तो याच काळात.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रोलिंग स्टोन्सचे आहे. या वाद्यवृंदाकडे साठच्या दशकाच्या अखेरीस कीर्ती होती, पण रोकड नव्हती. व्यवस्थापकाने कर भरला असेल या समजुतीत राहिलेल्या मंडळींना थकबाकीचा आकडा कळला तेव्हा तो चालू कमाईतून फेडणे अशक्य होते, कारण नव्या कमाईचाही मोठा हिस्सा करातच जाणार होता. बँक व्यवसायातील प्रिन्स रूपर्ट लोवेनस्टाइन यांच्या सल्ल्याने त्यांनी मार्च १९७१ मध्ये ब्रिटनचा निरोपाचा दौरा केला आणि नवे करवर्ष सुरू होण्याच्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बिऱ्हाडे हलवली. व्हिलफ्रान्श-सुर-मेर येथे कीथ रिचर्ड्सने भाड्याने घेतलेल्या नेलकोत या हवेलीच्या तळघरात त्यांचे काम सुरू झाले. ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवलेला ट्रक बाहेर उभा असे, त्यातून निघालेल्या तारा तळघरातल्या खोल्या-खोल्यांत गेलेल्या असत, आणि उन्हाळ्याच्या दमट उकाड्यात गिटारी लावल्या लावल्या उतरत. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच ‘एक्झाइल’ हा शब्द आला. तिला रॉक संगीतातील अव्वल कृतींमध्ये स्थान मिळाले, परंतु एखादी अभिजात कृती प्राप्तिकर खात्याच्या तगाद्यातून निपजली हे तिच्या चाहत्यांना फारसे आठवत नाही.

१९७४ मध्ये मजूर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली यांनी कमावलेल्या उत्पन्नावरचा कमाल दर ८३ टक्के केला, आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावरील अधिभार धरता तो ९८ टक्क्यांवर गेला. त्यानंतर रॉड स्टुअर्ट अमेरिकेला आणि डेव्हिड बोवी स्वित्झर्लंडला गेला. शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ या वृंदाने १९७८ ची ध्वनिमुद्रिका स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये तयार केली आणि पुढच्याच वर्षी माँत्रोतील स्टुडिओ विकत घेतला. बहामा आणि मॉन्टसेराट या बेटांवर याच दशकात उभ्या राहिलेल्या स्टुडिओंची भरभराट समुद्राच्या वाऱ्यामुळे किती आणि लंडनच्या करदरांमुळे किती, याचा हिशेब संगीताच्या इतिहासकारांनी मांडायला हवा.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भारतातील कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. तो खाली आणण्याची शिफारस करताना काळ्या पैशाचा शोध घेणाऱ्या वांछू समितीने असे प्रतिपादले होते की जबर दरच चोरीला उत्तेजन देतो. पण इथल्या कलावंताला देश सोडण्याची वाट नव्हती. त्यामुळे वाद उपस्थित होई तो हिशेबाबाहेरच्या रोकडीचा. चित्रपट निर्मात्यांकडून वहीत न दाखवलेली रक्कम मिळाल्याचा प्राप्तिकर खात्याचा दावा आणि त्यास पुरेसा विश्वसनीय पुरावा नसल्याचा निष्कर्ष, यांबाबत लता मंगेशकर यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिलेला निकाल १९७४ च्या निर्णयसंग्रहात छापला आहे आणि तोंडी पुराव्याच्या वजनासंबंधी आजही वकिलांकडून उद्धृत होतो. दुसरीकडे प्राप्तिकर कायद्यातील ८०आरआर या कलमाने लेखक, संगीतकार, नट आणि खेळाडू यांनी परदेशात मिळवून मायदेशी आणलेल्या परकीय चलनातील काही हिस्सा करमुक्त केला. ब्रिटन कलावंताला हाकलत होते त्या काळात भारत त्याच्या डॉलरला आवतण देत होता, आणि दोहोंच्या मुळाशी गंगाजळीची चिंताच होती.

आयर्लंडने तिसरी वाट धरली. १९६९ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉहे यांनी पुस्तके, नाटके, संगीतरचना, चित्रे आणि शिल्पे यांपासून मिळणारे उत्पन्न पूर्णपणे करमुक्त केले; कृती मौलिक असावी आणि तिला सांस्कृतिक वा कलात्मक मोल असावे, एवढीच अट होती. सादरीकरणाची कमाई या सवलतीत येत नसे. गरीब कवी-चित्रकारांनी देश सोडून जाऊ नये हा हेतू होता, आणि बहुतांश लाभार्थी खरोखरच अल्प कमाईचे होते. मात्र कमाल मर्यादा नसल्यामुळे जगभर विकल्या जाणाऱ्या ‘यू२’ या वृंदाच्या रचनाही त्याच छत्राखाली आल्या. पुढे न्यायालयीन चौकश्यांतून स्वतः हॉहे यांच्याच पैशांचे आणि करांचे प्रकरण बाहेर आले, हा योग आयरिश भाष्यकारांनी सोडला नाही.

दरम्यान ब्रिटनमधील दर उतरले: १९७९ मध्ये ६० टक्के, १९८८ मध्ये ४०. तरीही परदेशी संस्थांमधून पैसा फिरवण्याची रीत थांबली नाही. मार्च १९९८ च्या अंदाजपत्रकात परदेशी कमाईवरील सवलत रद्द झाली तेव्हा रोलिंग स्टोन्सनी ब्रिटनमधले चार कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलले आणि एरवी १ कोटी २० लाख पौंडांचा फटका बसला असता असे सांगितले. पण बत्तीस वर्षांपूर्वी हॅरिसनच्या वाट्याला आलेली सहानुभूती त्यांना लाभली नाही. चाळीस टक्क्यांविरुद्धची तक्रार तिकिटासाठी रांग लावणाऱ्याला पटणे कठीणच होते, कारण पगारातून परस्पर कापल्या जाणाऱ्या करापासून पळण्याची सोय त्याला कधीच नव्हती.

आयर्लंडने डिसेंबर २००५ मध्ये करमाफीवर वर्षाला अडीच लाख युरोंची मर्यादा जाहीर केली, ती २००७ पासून लागू झाली. तत्पूर्वीच, २००६ मध्ये, यू२ने आपल्या रचनांचे व्यवहार पाहणारी कंपनी नेदरलँड्समध्ये हलवली. नेदरलँड्समधून बाहेर जाणाऱ्या रॉयल्टीवर तेव्हा उगमकर, म्हणजे रक्कम अदा होतानाच कापला जाणारा कर, नव्हता. म्हणून जगभरातून येणारी रॉयल्टी तेथील संस्थेत जमवून पुढे पाठवणे स्वस्त पडे, आणि रोलिंग स्टोन्सनी १९७२ पासून ॲमस्टरडॅममध्ये हीच वाट वापरली होती. यू२च्या बाबतीत टीका तीव्र झाली, कारण त्यांचा गायक बोनो हा गरीब देशांना कर्जमाफी आणि वाढीव मदत देण्याचा आग्रह श्रीमंत सरकारांकडे धरत होता, आणि ती मदत करदात्यांच्याच खिशातून जाणार होती. बहुतेक व्यवसाय आयर्लंडबाहेर होतो, आणि अल्प कंपनीकराच्या बळावर परदेशी उद्योग ओढणाऱ्या देशाने अशा व्यवस्थेला नावे ठेवू नयेत, असा बचाव वृंदाकडून झाला. दुसरा मुद्दा बिनतोड आहे, पण तो आयर्लंडला गप्प करतो, आफ्रिकेतील शाळांसाठी वर्गणी भरणाऱ्याला नाही. जून २०११ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात यू२चे गायन सुरू असताना कर भरण्याची मागणी करणारा भलामोठा फुगा निदर्शकांनी गर्दीत उभा केला, आणि सुरक्षारक्षकांनी तो खाली ओढून हवा काढून टाकली.

मे २०१४ मध्ये लंडनमधील कर न्यायाधिकरणाने ‘आइसब्रेकर’ या संगीतक्षेत्रातील गुंतवणुकीच्या भागीदाऱ्या करटाळणीच्या योजना असल्याचा निर्णय दिला; त्यांत ‘टेक दॅट’ वृंदातील गॅरी बार्लोसह तिघांचा पैसा होता. करटाळणी म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून केलेली पळवाट. ती करचुकवेगिरीसारखा गुन्हा ठरत नाही, पण न्यायाधिकरणाने मान्यता नाकारली की कर भरावाच लागतो. बार्लोने पुढे जाहीर माफी मागितली. त्याचा राजसन्मान काढून घ्यावा अशी मागणी खासदारांनी केली आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ती गरजेची नसल्याचे सांगितले, जरी दोन वर्षांपूर्वी अशाच योजनेत पैसे गुंतवणाऱ्या एका विनोदी कलाकाराचे वर्तन त्यांनी नैतिकदृष्ट्या चुकीचे ठरवले होते. आयर्लंडने दरम्यान करमाफीची मर्यादा ४०,००० युरोंपर्यंत खाली आणली होती, ती २०१५ मध्ये ५०,००० केली. आणि नेदरलँड्सने २०२१ पासून अत्यल्प कर असलेल्या देशांकडे आपल्याच समूहातील कंपन्यांना जाणाऱ्या रॉयल्टीवर उगमकर बसवला.