खांड, कुलूप आणि बर्फ

टपोरी द्राक्षे धुऊन कोरडी पुसावीत, लिंबाच्या रसाचा हात लावून साखरेत घोळवावीत आणि ताटलीत एकेक सुटी मांडून शीतकपाटाच्या, म्हणजे आपल्या घरच्या फ्रीजच्या, बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावीत. सकाळी त्यांचा गोळ्या-चॉकलेटांच्या तोडीचा खाऊ तयार होतो. बाहेरून कुरकुरीत, आतून सरबतासारखा. आंब्याच्या, कलिंगडाच्या वा अननसाच्या फोडींचाही असाच खाऊ होतो. चूल पेटवावी लागत नाही, पाकाची तार पाहावी लागत नाही. दहा वर्षांची मुलगीही तो करू शकते. साहजिकच कोणी विचारील की, अशा पोरखेळाला इतिहास तो कसला?

इतिहास आहे, आणि तो चारशे वर्षांहून जुना आहे. या खाऊतील फळ जुने, साखरही जुनी, गोठवण्याची युक्तीही जुनीच. नवी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे हा खाऊ कोणाच्या घरी होतो. पूर्वी जी थंडी बादशहाच्या पंक्तीला लाभत असे, ती आज शिक्षकाच्या व कारकुनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आहे. ती कोणाच्या खांद्यावरून येथवर आली, हे आज आपण पाहू.

आरंभ शब्दांपासून करू. या खाऊला मुले 'कँडी' म्हणतात आणि तो शब्द इंग्रजी समजतात. वस्तुतः तो आपल्याच घरचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील गोड पदार्थांची यादी दिली आहे. तीत फाणित, गूळ आणि मत्स्यंडिका यांच्यामागून 'खंड' व 'शर्करा' ही नावे येतात. खंड म्हणजे आपली खांड. हा शब्द फारसीत 'कंद' झाला, अरबीत 'कंदी' झाला आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून युरोपात जाऊन 'कँडी' होऊन परत आला. परत आल्यावर आपल्या लोकांनी त्याला पुन्हा मराठी वळण दिले आणि रस्त्यावरची आइसकँडी 'आइसकांडी' झाली. दांडीला लावलेल्या बर्फाला 'कांडी' हे नाव शोभतेही! माहेरची मुलगी सासरचे लुगडे नेसून आली तर आपण तिला परकी मानीत नाही. या शब्दालाही परका मानू नये.

फळ आणि साखर यांची गाठ आपल्याकडे फार पूर्वी पडली. आवळ्याचा मोरावळा, आंब्याची साटे, फणसपोळी हे कोकणातील घरोघरचे पदार्थ. गोव्यात पोर्तुगीज आले आणि त्यांच्या मुरंब्यांच्या पद्धतीतून पेरूचा 'पेराद' रूढ झाला. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या ताटात तो अजूनही मानाने बसतो. या सर्व पदार्थांत साखर एकच काम करते. ती फळातील पाणी आपल्याशी बांधून ठेवते, म्हणून त्यात बुरशी वा किण्व वाढू शकत नाही. साखर ही, म्हटले तर, गरिबाचे शीतकपाटच होती. फळ टिकवण्याचा दुसरा मार्ग थंडीचा. परंतु उष्ण देशात थंडी आणावी कोठून?

येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठते. पण पाण्यात साखर विरघळली की ते त्याहून खाली उतरल्यावाचून गोठत नाही. द्राक्षाच्या रसात साखर पुष्कळ. म्हणून द्राक्षे नुसत्या बर्फात कितीही वेळ पुरून ठेवली, तरी ती थंड होतील, गोठणार नाहीत. फळाचा रस गोठवायचा तर बर्फापेक्षाही थंड असे काहीतरी हवे. निसर्गाने ते आयते दिलेले नाही. माणसाने ते मिठाच्या व सोऱ्याच्या साहाय्याने मिळवले.

सोऱ्याची गोष्ट अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नमूद केली आहे. तोफेच्या दारूत जो सोरा आग भडकवतो, त्याच सोऱ्याने बादशहाच्या आबदारखान्यात पाणी थंड करीत. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावयाचा आणि त्यात शेरभर पाण्याची तोंड बंद केलेली धातूची सुरई पाव तास फिरवावयाची, अशी कृती त्याने दिली आहे. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, हे त्यामागील कारण. याने पाणी गार होई, बर्फ मात्र होत नसे. पुढे १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेला, तेव्हा लाहोरपासून सुमारे पंचेचाळीस कोस दूर असलेल्या उत्तरेकडील डोंगरांतून नावांनी, गाड्यांनी आणि हमालांच्या पाठीवरून बर्फ येऊ लागले. ज्याच्या पदरी नावा आणि हमाल, त्याच्या पेल्यात बर्फ, असा तो काळ होता.

मैदानी मुलखात डोंगर नव्हता, तेथे लोकांनी याहून विलक्षण गोष्ट साधली. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज सेनापतीने अलाहाबादकडे पाहिलेली कृती १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली आहे. मोकळ्या मैदानात तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल असे खड्डे खणीत. तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे यांचा जाड थर देत. त्यावर झिलई नसलेली मातीची उथळ भांडी ओळीने मांडून संध्याकाळी त्यांत पाणी भरीत. हिवाळ्याच्या निरभ्र, निवाऱ्या रात्री भांड्यातील उष्णता आकाशाकडे निघून जाई, खालच्या चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे, आणि पहाटेस भांड्यांत बर्फाचे पापुद्रे धरलेले असत. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही हे घडे! पदार्थविज्ञानाचे पुस्तक ज्यांनी कधी उघडले नव्हते, अशा माणसांचे हे ज्ञान होते.

बार्करच्या त्याच लेखात आपल्या खाऊचा मूळपुरुष सापडतो. सरबत वा सायीचे दूध निमुळत्या आकाराच्या पातळ चांदीच्या पेल्यांत भरीत, झाकण लावून ते कणकेने लिंपीत, आणि बर्फ, सोरा व साधे मीठ यांनी भरलेल्या मोठ्या भांड्यात ते पेले ठेवीत. थोड्याच वेळात आतला पदार्थ गोठून जाई. श्रोतेहो, हे वर्णन ऐकून आपणांस कुल्फीवाल्याच्या मडक्याची आठवण झाली असेल. कुलूप लावल्यासारखा झाकणबंद असा तो पेला, म्हणून ती कुल्फी. दाराचे 'कुलूप' आणि ही 'कुल्फी' दोन्ही 'कुफ्ल' या एकाच अरबी शब्दाची लेकरे आहेत. इटलीतही हीच विद्या निराळ्या वाटेने वाढली. नेपल्सच्या लातिनी नावाच्या मुदपाकखान्याच्या अधिकाऱ्याने १६९० नंतरच्या दशकात छापलेल्या ग्रंथात लिंबू व स्ट्रॉबेरी यांची गोठवलेली सरबते आहेत. त्यांचे 'सॉर्बेत्तो' हे नाव आपल्या 'सरबत' या शब्दाचेच भावंड होय.

आता बर्फात मीठ घालण्याचे मर्म. मीठ बर्फाला वितळावयास लावते. वितळण्यास उष्णता लागते, आणि बर्फ ती स्वतःपासून व शेजारच्या भांड्यापासून ओढून घेते. असे होता होता मीठ-बर्फाचे मिश्रण शून्याखाली सुमारे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. वर्गात हे सांगितले की मुले हमखास विचारतात, 'गुरुजी, वितळणारे बर्फ अधिक थंड कसे?' प्रश्न रास्त आहे. वितळणे म्हणजे उष्णता गिळणे, एवढे एक वाक्य समजले की कुल्फीचे सारे रहस्य उलगडते.

या थाटामागचे हात मात्र आपण विसरता कामा नये. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई अलाहाबादेस राहिली होती. तिच्या १८५० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या बर्फखड्ड्यांचे चित्र आहे. अंधारात ढोल वाजे आणि कांबळी पांघरलेले मजूर कुडकुडत गोळा होत. सूर्य उगवण्याच्या आत त्या शेकडो भांड्यांतील बर्फ खरवडून खोल कोठारात ठोकून भरावे लागे. ते बर्फ उन्हाळ्यात साहेबांच्या मेजावर जाई. ज्यांची बोटे थंडीने वाकडी झाली, त्यांपैकी कोणाच्या मुलाने मे महिन्यात त्यातला एक खडा तोंडात धरला असेल काय?

यानंतर थंडी समुद्रमार्गे आली. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाच्या जहाजात १८० टन बर्फ भरून ते कलकत्त्यास धाडले. चार महिने लाटांवर काढून आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून ते सप्टेंबरात पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होते. उष्णता अडवणाऱ्या थरांनी ते राखले होते. सरकारने बर्फावरील जकात माफ केली. पुढे या बर्फजहाजांतून अमेरिकेची सफरचंदेही येऊ लागली. मुंबईसही बर्फ पोहोचले, आणि १८३४ साली पुढे 'सर' झालेल्या जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइसक्रीम वाढले. यजमानांना व पाहुण्यांना त्यामुळे सर्दी झाली, असे त्या वेळच्या 'मुंबई समाचार'ने म्हटल्याचे सांगतात! थोरो या अमेरिकन लेखकाने आपल्या 'वॉल्डन' या १८५४ च्या ग्रंथात, मद्रास, मुंबई व कलकत्ता येथील माणसे आपल्याच तळ्याचे पाणी पीत आहेत, असा कौतुकाचा विचार मांडला आहे. ती माणसे मूठभर होती, एवढी पुस्ती आपण जोडू. मद्रासचे १८४२ चे बर्फघर अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वाफेच्या यंत्राने शहरातच बर्फ तयार होऊ लागले आणि १८८० नंतर हा सागरी व्यापार मावळला. बर्फ कारखान्यात होऊ लागले, तेव्हा ते प्रथमच बाजारात, भुशाने माखलेल्या लादीच्या रूपाने, सामान्यांना दिसले. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईने १८४३ साली दांडा फिरवून आइसक्रीम करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. लाकडी बादलीचा तो संचा पुढे आपल्याकडील सधन घरांतही आला. आंब्याच्या दिवसांत त्याचा दांडा फिरवण्यास घरातील मुलांची पाळी लागे. कांडीची कथा तर एका मुलाचीच आहे. कॅलिफोर्नियात फ्रँक एपर्सन या अकरा वर्षांच्या मुलाने १९०५ साली गोड पेयाचा पेला आतल्या ढवळण्याच्या काडीसह रात्री बाहेर विसरून ठेवला. सकाळी तो गोठलेला सापडला, असे तो पुढे सांगत असे. १९२४ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. अखेर १९५८ साली गोदरेजने भारतात पहिले शीतकपाट तयार केले आणि हळूहळू, एकेका पिढीने, थंडी घरात आली.

एवढा इतिहास ऐकल्यावर कृतीतील बारकावे आपोआप उमगतील. द्राक्षे कोरडी का पुसावीत? पाण्याचा थर राहिला तर दाणे एकमेकांस चिकटून बर्फाचा गोळा होतो. ती वितळू न देता का खावीत? घरच्या कप्प्यात फळ सावकाश गोठते, त्यामुळे आत बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशींच्या भिंती फाटतात. वितळलेले फळ मग लिबलिबीत होते. शीतकपाट नसेल तरी अडत नाही. झाकणाच्या डब्यात आमरस किंवा पन्हे भरावे, कडा कणकेने लिंपाव्यात आणि तीन वाटे ठेचलेल्या बर्फास एक वाटा जाडे मीठ घेऊन त्यात डबा पुरून अधूनमधून फिरवावा. ही बार्करने पाहिलेलीच रीत होय. मात्र मीठ-बर्फाला उघडा हात फार वेळ लावू नये, कातडी भाजल्यासारखी होते. लहान मुलांना अख्खे गोठलेले द्राक्ष देऊ नये. ते घशात अडकण्याचे भय असते, म्हणून उभे चार भाग करून मगच ते गोठवावे.

श्रोतेहो, इतिहास म्हणजे केवळ लढाया आणि तह नव्हेत. एखादी सुखाची वस्तू थोड्यांच्या हातून पुष्कळांच्या हाती कशी आली, हाही इतिहासच आहे, आणि माझ्या मते तो अधिक समाधानाचा आहे. तरीही तो पुरता झालेला नाही. ज्या वस्तीत वीज दिवसातून थोडा वेळच येते, तेथे थंडी अजून पाहुणीच आहे. चिपाडांवर मांडलेली ती मातीची भांडी, तो पहाटेचा ढोल आणि ज्यांचे नाव कोणत्याच ग्रंथाने लिहून ठेवले नाही ते कुडकुडणारे मजूर यांचे ऋण आपण खाऊ वाटून घेऊनच फेडू शकतो. म्हणून ताटलीत चार द्राक्षे जास्त ठेवावीत, आणि ती शेजारच्या मुलासाठी ठेवावीत.