चाळीत चिमणी होती, टॉवरमध्ये कबुतर आलं

लहानपणी मे महिन्यात चिपळूणहून लालबागला मावशीकडे जायचो. चाळीतली एक खोली, त्यात आम्ही आठ जण आणि देवाच्या फोटोमागे चिमणीचं बिऱ्हाड. पिल्लं असली की मावशी पंखा लावू द्यायची नाही. उकाड्याने जीव जायचा, पण चिमणीला कुणी हाकललं नाही.

आज तिथे टॉवर आहे. मावसभावाला स्वतःचा संडास असलेलं घर मिळालं, याचा आनंदच आहे. फक्त चिमणी गेली आणि एसीमागे कबुतरं आली.

२०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा आपण सगळे दाण्यांवरून भांडलो. इमारतींबद्दल फारसं कुणी बोललं नाही. कबुतर मूळचं कड्याकपारीतलं. टॉवरचे सज्जे आणि डक्ट म्हणजे त्याच्यासाठी आयते कडेच. चिमणीला मात्र बीळ लागतं. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींनी तिला कौलाखाली, वाशांच्या फटीत ते दिलं. गॅलरीत बायका तांदूळ निवडायच्या, तिथे दाणा मिळायचा. पण पिल्लांना लागतात अळ्या आणि किडे, म्हणजे माती आणि झाडं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागेला देणारा १९९१ चा नियम २००१ मध्ये बदलला आणि तो वाटा आक्रसला. माणसांची मैदानं गेली, तशी चिमणीच्या पिल्लांची अळीही गेली.

म्हणजे मुंबईची प्रत्येक इमारत कुठल्या ना कुठल्या पाखराला घर देतेच. कुणाला द्यायचं, हे नकाशावर ठरतं. इंग्लंडमधल्या ब्रायटनने २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींत पाकोळीसाठी पोकळ वीट बसवायची अट घातली. आपल्याकडेही २००२ पासून मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं आहेच ना? मग चिमणीसाठी भिंतीत एक पोकळ वीट का नको?

हे आत्ताच बोलायला हवं. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी पाडून १६० चौरस फुटांच्या जागी ५०० फुटांची घरं होताहेत. वरळीत पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर काम चालू आहे. भिंत एकदा उभी राहिली की वीट काढून कोण देणार?

तुमच्या सोसायटीची पुनर्विकासाची मीटिंग असेल, तर पार्किंगचा विषय झाल्यावर एवढं एक विचारा. मावशीने पंखा बंद ठेवला होता. आपल्याला फक्त एक वीट मागायची आहे.