बंदिस्त जागेतली वाफ : प्रस्तावना

भारतात ई-सिगारेटवर मुळातच बंदी आहे, मग ती हॉटेलात ओढू द्यावी की नाही यावर आख्खं पुस्तक कशाला? या विषयाकडे वळणारा नवा वाचक हे विचारणारच. विचारावंही, सगळी गंमत त्या प्रश्नातच आहे.

२०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात हे सगळं गुन्हा ठरवलं. विकणाऱ्याला पहिल्या खेपेस वर्षभरापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याबद्दल मात्र कायदा गप्प. त्यामुळे बंदिस्त जागेचा प्रश्न २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे ‘कोटपा’च्या, दारात येऊन बसतो. तिथे धूम्रपान म्हणजे तंबाखूचं धूम्रपान. साधन कोणतंही चालेल. निकोटिन सहसा तंबाखूतूनच काढतात, तेव्हा वेप म्हणजे ई-सिगारेटही त्यात आली, असं काही जण म्हणतात. नळीतल्या द्रवात तंबाखू आहेच कुठे, असं बाकीचे. मन पहिल्या बाजूला झुकतं खरं, पण दंडाचा कायदा असा ताणून वाचणं मला पटत नाही.

‘कोटपा’खालचे २००८चे नियम वाचले की अडचण नेमकी कळते. दारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लावलेलं हवं. आत अ‍ॅशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. सगळी मांडणी पेटणाऱ्या वस्तूची. वेपची राख नाही, थोटूक नाही, वास आलाच तर आंब्याचा किंवा पुदिन्याचा. गल्ल्यावरच्या मॅनेजरने हटकायचं कशाच्या जोरावर?

हा घोळ आपल्यापुरता नाही. इंग्लंडच्या २००६च्या कायद्यातही धूम्रपानासाठी काहीतरी पेटलेलं असावं लागतं. म्हणून तिथल्या पबमध्ये वेपचा निर्णय बराच काळ मालकाच्या मर्जीवर राहिला. न्यूयॉर्क राज्याने २०१७मध्ये जुन्या कायद्यातच ई-सिगारेट घातली आणि वाद मिटवला. वेल्समध्ये मार्च २०१६मध्ये असं कलम असलेलं विधेयक २६-२६ मतांवर पडलं. कारण काय, तर एका मंत्र्याच्या टोमण्याने दुखावलेल्या पक्षाने ऐनवेळी पाठिंबा काढला! आरोग्याचे कायदे आरोग्याच्याच कारणाने होतात वा पडतात असं नाही. महाराष्ट्रातली २०१८ची हुक्का पार्लरबंदीसुद्धा मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबच्या आगीनंतरची.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत. फक्त प्रत्येक कायद्याचं व्याख्यांचं कलम आधी वाचावं, शिक्षेचं नंतर.