स्पर्शाआधीची हालचाल

अंड्यातला कोंबडीचा गर्भ चौथ्या दिवशीच हलू लागतो. स्पर्शाला मात्र सातव्या दिवसाच्या सुमारापर्यंत दाद देत नाही. मग त्याला हलवते कोण? शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम प्रायर यांनी जर्मनीत १८८५ मध्येच ही विसंगती नोंदवली होती. पण पुढे वर्तनवादाचा अंमल आला, उद्दीपनाशिवाय हालचाल नाही हेच ब्रीद झाले आणि प्रायर अडगळीत गेले. (डोळ्यांपुढचा पुरावा सिद्धान्ताने झाकणे विज्ञानातही चालतेच.) १९६०च्या दशकात सेंट लुईस येथे व्हिक्टर हॅम्बर्गर व सहकाऱ्यांनी गर्भाच्या पायांकडून येणाऱ्या संवेदनांची वाटच शस्त्रक्रियेने तोडली. पाय तरीही हलत राहिले. विद्युतचेतना मज्जारज्जूतच आपसूक उठत होती. १९८८ मध्ये गल्ली आणि माफेई यांना उंदराच्या गर्भाच्या दृष्टिपटलातही असेच विद्युतस्पंद सापडले. त्या डोळ्यांनी अजून काहीच पाहिले नव्हते.