एचआयव्ही प्रतिबंध : वंचित वस्त्यांपर्यंत पोहोचण्याची वाट

एचआयव्ही कसा पसरतो आणि त्याला कसे रोखावे, हे वैद्यकशास्त्राला केव्हाच उमगले आहे. निरोध, निर्जंतुक सुई, तपासलेले रक्त व नियमित औषधोपचार ही प्रतिबंधाची साधने होत. मात्र स्थलांतरित मजूर, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी यांच्यापर्यंत ती पोहोचवताना भाषा, भीती आणि बदनामी आड येतात.

गोव्याचा अनुभव

१९८९ साली रक्तदानानंतर डॉमनिक डिसोझा यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना ताब्यात घेण्यात आले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ विलग कोंडून ठेवण्यात आले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; मात्र न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डिसोझा यांनी पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. तपासणीचे फळ कोंडवास असेल, तर तपासणीला कोणी पुढे येत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

जून २००४ मध्ये वास्कोतील बायणा येथील वस्ती पाडण्यात आली. तेथील स्त्रियांत आंध्र प्रदेश व कर्नाटकातून आलेल्यांचा भरणा होता. वस्ती विखुरली, की निरोध वाटणारे कार्यकर्ते आणि त्या स्त्रिया यांच्यातील संपर्कही तुटतो.

सांगलीचा मार्ग

सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून निराळी वाट धरली. मीना शेषू यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या कामात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या सोबतिणींना माहिती दिली व निरोध वाटले. त्यातूनच १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना आकाराला आली. उपदेशकापेक्षा आपल्याच भाषेत बोलणाऱ्या, तेच जीवन जगणाऱ्या स्त्रीवर वस्तीचा विश्वास अधिक बसतो, हे या पद्धतीचे बळ आहे.

कायदा व उपचार

एप्रिल २००४ पासून देशात शासकीय केंद्रांतून एआरटी औषधे मोफत मिळू लागली. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली राहिल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. त्यामुळे उपचार हाच प्रतिबंधही ठरतो.

१० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्याने भेदभावास मनाई केली आहे. तपासणीसाठी संमती व माहितीची गोपनीयता यांना त्यात संरक्षण आहे. निरोधवाटपासारखी जोखीम कमी करणारी कामे गुन्हा ठरत नाहीत, हेही या कायद्याने स्पष्ट केले.

माहिती व समुपदेशनासाठी १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे. कामगारांच्या खोल्यांपर्यंत, बंदरावर आणि मासेमारी धक्क्यांवर हा क्रमांक त्यांच्या भाषेत, त्यांच्यापैकीच कोणी सांगितला, तर तो खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.