हृदयाचा प्रतिध्वनी आणि श्वासाचे भवितव्य

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी कोणी अत्यवस्थ झाले, म्हणजे त्यास बहुधा अंबाजोगाईकडे हलवितात. निजामी अमदानीत हे शहर मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई व तेथे घोडदळाची छावणी असे. पुढे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात तेथेच ग्रामीण भागासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव त्यास लाभले आहे. २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत अंबाजोगाईस आणि लगतच्या लोखंडी सावरगावास रुग्णांच्या खाटा मांडाव्या लागल्या. अशा वेळी दाराबाहेर तिष्ठत बसलेल्या आप्तांचा प्रश्न एकच असतो : माणूस यंत्रावर आहे, पण वाचेल ना? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या एका विद्येचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

रुग्णास यंत्राने श्वास देण्याची आजची रीत १९५२ साली कोपनहेगन येथे रूढ झाली. पोलिओच्या साथीत श्वासाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टराने गळ्यास छेद घेऊन, नळीवाटे हाताने हवा भरण्याचा उपाय सुचविला. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून रबरी पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. परंतु त्या रुग्णांची फुप्फुसे मूलतः निरोगी होती. दोष स्नायूंचा होता.

फुप्फुसच निकामी झाले तर काय? १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. आघात, जंतुदोष अशी कारणे निरनिराळी. तथापि फुप्फुसात पाणी झिरपून ते ताठर होणे हा परिणाम सर्वत्र एकच. अशा फुप्फुसात हवा रेटावयाची, तर यंत्राचा दाब वाढवावा लागे. या दाबाची झळ शेजारच्या हृदयास लागते, हे ध्यानी येण्यास मात्र काही काळ जावा लागला.

ते ध्यानी आणून दिले ध्वनीने. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि हेलमुट हेर्ट्झ हे पदार्थविज्ञ यांनी, धातूतील दोष शोधण्याचे एक यंत्र मिळवून ते मनुष्याच्या छातीस लावले. कानास ऐकू न येणारा ध्वनी आत शिरून हृदयाच्या भिंतींवर आदळे आणि परत येई. त्या प्रतिध्वनीवरून हलत्या हृदयाचा आलेख उमटला. आज घरोघरी ‘इको’ म्हणून ओळखली जाणारी तपासणी ती हीच.

हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ असते. फुप्फुसात रक्त लोटण्याचे त्याचे काम निरोगी स्थितीत अल्प दाबात होते. फुप्फुसातील वाहिन्या आकसल्या किंवा गुठळ्यांनी तुंबल्या, आणि वरून यंत्राचा दाब आला, की हा कप्पा फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो, आणि डाव्या कप्प्यास भरावयास जागा उरत नाही. रक्तदाब ढासळतो. फ्रान्समधील झार्दँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली, वाढत्या दाबाबरोबर पडद्याचे हे सरकणे इकोवर दाखविले. उजवा कप्पा डाव्याच्या सहा दशांशांहून मोठा दिसला, तर तो फुगला असे डॉक्टर मानतात.

यातूनच भाकिताची कल्पना पुढे आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७५२ रुग्णांच्या पाहणीत सुमारे २२ टक्क्यांच्या उजव्या कप्प्यावर असा ताण आढळला. ज्यांचा ताण तीव्र होता, त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. २०२० साली न्यूयॉर्कमधील १०५ करोना रुग्णांच्या इकोतही तेच दिसले : उजवा कप्पा फुगलेल्यांपैकी ४१ टक्के दगावले, इतरांपैकी ११ टक्के.

परंतु या इतिहासातील खरी शिकवण याहून निराळी आहे. १९८५ च्या सुमारास, दाब सढळ हाताने दिला जाई तेव्हा, असा ताण सुमारे ६० टक्के रुग्णांत आढळे. पुढे थोडी हवा व कमी दाब देण्याची पद्धत आली. २००० सालच्या अमेरिकन प्रयोगात तिने मृत्यू सुमारे ४० वरून ३१ टक्क्यांवर आणले; आणि २००१ सालच्या एका फ्रेंच पाहणीत तो ताण २५ टक्क्यांतच दिसला. रुग्णास पालथे निजविल्याने मृत्यू निम्म्यावर येतात, हे २०१३ साली सिद्ध झाले. त्यानेही उजव्या हृदयाचा भार हलका होतो. म्हणजे इकोने वर्तविलेले भवितव्य ललाटलेख नव्हे. उपचार बदलला, की भाकीतही बदलते.

बीड जिल्ह्यास ध्वनीच्या या विद्येची दुसरी बाजूही ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या; राज्यातील हा नीचांक होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदा केला. म्हणूनच गर्भ पाहू शकणारे प्रत्येक यंत्र, मग ते हृदयासाठी का आणलेले असेना, नोंदवावे लागते. त्याचा काच डॉक्टरांना वाटतो खरा. पण तो काच लादला गेला तो मागील पापामुळे.

एकाच ध्वनीने जन्मापूर्वीच्या जिवाचा निकाल लावला, आणि तोच ध्वनी मृत्यूच्या दारातील जिवाची वाट शोधतो. दोन्हीकडे यंत्र केवळ दाखविते; पाहिल्यावर काय करावयाचे, हे माणसानेच ठरवावयाचे असते. दाराबाहेरच्या आप्तास टक्केवारीने समाधान मिळत नाही. टक्केवारी शेकडोंची असते, आणि त्याचा माणूस एकच असतो. फुगलेला उजवा कप्पा पाहून डॉक्टराने आशा सोडली, तर ती विद्या व्यर्थ. तो पाहून त्याने यंत्राचा दाब उतरविला, तरच ती सार्थकी लागली.